साठवता न येणारा माल : इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत नेमकं काय शिकतात

पुण्यात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला एक गोष्ट कोड्यात टाकते. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. माझ्या बहिणीची मुलगी सीईटीचा निकाल घेऊन जुन्नरहून माझ्याकडे चिंचवडला आली, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. पहिल्याच गुरुवारी खिडकीतून रस्ता बघत तिनं विचारलं, "मावशी, आज एवढी सामसूम का गं?"

याचं उत्तर विजेत आहे. राज्यातले सगळे कारखाने एकाच वारी बंद राहिले, तर विजेची मागणी सहा दिवस डोंगराएवढी आणि सातव्या दिवशी दरीत. म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले. आपल्या वाट्याला गुरुवार आला.

पण एवढा खटाटोप का? रविवारी जास्तीची वीज करून ठेवायची आणि सोमवारी वापरायची, असं का नाही? इथंच या शाखेचं मूळ आहे. गहू कणगीत राहतो, पाणी टाकीत राहतं, वीज तारेत भरून ठेवता येत नाही. तुम्ही आत्ता पंख्याचं बटण दाबलं, तर त्या पंख्यापुरती वीज आत्ताच कुठंतरी तयार होते. कोयनेच्या पोफळीतल्या भूमिगत केंद्रात असेल, चंद्रपूरच्या कोळशावर असेल, साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्कीत असेल. मागणी आणि निर्मिती यांची तोंडमिळवणी दर सेकंदाला, दिवसरात्र, न चुकता करावी लागते. बॅटरी आहे, तिच्याकडे पुढे येऊ. पण देशाच्या मागणीपुढे ती अजून लहान आहे.

इलेक्ट्रिकलची चार वर्षं म्हणजे या एका अडचणीची वेगवेगळी उत्तरं. मी एकोणीस वर्षं सबस्टेशनमधले रिले, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला सांगणारी उपकरणं, तपासायचं काम करतेय, आणि कॉलेजात हे वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं कमी गोंधळात गेली असती. म्हणून हे लिहितेय.

आधी दोन गैरसमज. पहिला म्हणजे, "इलेक्ट्रिकल म्हणजे वायरमनचंच काम ना?" वायरमनचं काम मोलाचं आहे आणि त्याची आयटीआयमध्ये वेगळी शिस्त शिकवतात. इंजिनिअरनं ठरवायचं असतं ते त्या आधीचं : तार किती जाडीची, ती किती तापेल, बिघाड झाला तर वीज तोडणारा कुठला ब्रेकर किती मिलिसेकंदात उघडेल. दुसरा गैरसमज इलेक्ट्रिकल आणि ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) यांच्यातला. दोन्हीकडे वीजच असते. ईअँडटीसीमध्ये वीज निरोप्याचं काम करते. ती किती आहे यापेक्षा तिनं कुठला निरोप आणला ते महत्त्वाचं. इलेक्ट्रिकलमध्ये वीज हाच माल. तो तयार करायचा, वाहून न्यायचा, मोजायचा, कामाला लावायचा. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकतात, ते निरोपाचं टोक. त्या अवजड तबकड्या फिरवणाऱ्या मोटरी हे मालाचं टोक. आमच्या गावाकडून दोन्ही दिसतं.

पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच : एम-वन, एम-टू हे गणिताचे पेपर, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग आणि बीईई म्हणजे बेसिक इलेक्ट्रिकल. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. फक्त बीईई 'पास होण्यापुरतं' करू नका. दुसऱ्या वर्षाची अख्खी इमारत त्यावर उभी राहते.

तीन आणि चार मिळून पाच

एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, सर्किटच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग असतो, त्यानं दरवर्षी नव्या बॅचची झोप उडते. एका फाट्यावर रेझिस्टन्स, दुसऱ्या फाट्यावर तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. पहिल्या फाट्यावरचा ॲमीटर दाखवतो ३ अँपिअर. दुसऱ्यावरचा ४. मग मुख्य तारेवर ७ दिसायला हवेत. दिसतात जवळपास ५. आमच्या ग्रुपनं मीटर बदलून आणला होता, तरी ५.

मीटर बरोबर असतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरं करते. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. रेझिस्टन्समधला प्रवाह व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकतो. कॉइलमधला प्रवाह पाव आवर्तन, म्हणजे ५ मिलिसेकंद मागं राहतो. एक शिखरावर असतो तेव्हा दुसरा शून्यावर. दोघं एकाच क्षणी जोर लावत नाहीत, म्हणून बेरीज साधी होत नाही. पूर्वेला तीन पावलं चाला, मग काटकोनात वळून चार पावलं चाला. चाललात सात, पण निघाल्या जागेपासून आहात पाच पावलांवर. तोच हिशेब.

आता त्या बदनाम 'काल्पनिक' संख्येकडे येऊ. अकरावीत वजा एकचं वर्गमूळ शिकवतात आणि मुलं विचारतात, हे आयुष्यात कुठं लागणार? इथं लागतं. गणितवाले त्याला 'आय' म्हणतात. आमच्याकडे 'आय' प्रवाहासाठी राखीव, म्हणून आम्ही 'जे' म्हणतो. 'जे'चा अर्थ एवढाच : डावीकडे काटकोनात वळ. एकदा वळलात तर तोंड बाजूला. पुन्हा तसंच वळलात तर तोंड बरोबर उलट्या दिशेला, म्हणजे वजा. दोनदा 'जे' म्हणजे वजा एक. त्यात काल्पनिक काही नाही, वळणं आहेत. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत ही रीत मांडली, आणि तोवर ज्या गणितांना पानंच्या पानं लागत ती काही ओळींत सुटू लागली. एम-थ्रीतला लाप्लास, फूरिये हीसुद्धा अशीच हत्यारं आहेत. बटण दाबल्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत काय होतं ते लाप्लास सांगतो. एलईडी दिवे आणि संगणक विजेच्या लहरीचा आकार कसा बिघडवतात ते फूरिये. एम-थ्रीत बॅक लागलेली मुलं मी खूप पाहिली. त्यांतल्या बहुतेकांना गणित जमत नव्हतं असं मला वाटत नाही. ते गणित कशासाठी आहे, हे त्यांना कुणी प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं नव्हतं.

त्या ४ अँपिअरचं पुढं काय होतं, हेही बघायला हवं, कारण त्यात खरा पैसा गुंतलाय. कॉइल पाव आवर्तन ऊर्जा घेते आणि पुढच्या पाव आवर्तनात जशीच्या तशी परत करते. काम शून्य, पण तारेत गर्दी मात्र चार अँपिअरची. पीएमपीची रिकामी बस डेपोतून निघाली, शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि रिकामीच परत आली, तर प्रवासी एकही पोचला नाही, पण रस्ता अडला आणि डिझेल जळलं. तारेतल्या ५ अँपिअरपैकी कामाचे ३, म्हणून पॉवर फॅक्टर ०.६. भोसरीतला मोटरींनी भरलेला कारखाना हेच करत असतो. उपाय कपॅसिटर. तो कॉइलच्या बरोबर उलट्या वेळी देतो-घेतो, म्हणून त्या रिकाम्या बसची ये-जा कारखान्याच्या आवारातच होते, मुख्य रस्त्यावर येत नाही. एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच एककात येतं, म्हणजे रिकाम्या बसचेही पैसे बिलातच धरलेले असतात. एक चांगली कपॅसिटर बँक बसवून दरमहा बिल उतरवणारा इंजिनिअर कारखान्याच्या मालकाला फार लवकर प्रिय होतो.

कोपऱ्यावरची डीपी

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याचं सांगणं थोडक्यात होतं, पण तो नसता तर बाकी काहीच नसतं. एका मोठ्या वस्तीला एक मेगावॅट वीज न्यायची आहे असं धरा. ४०० व्होल्टवर नेली तर प्रत्येक तारेतून सुमारे १,४४० अँपिअर वाहतील. पुण्यात बऱ्याच ठिकाणी २२ केव्हीच्या, म्हणजे २२ हजार व्होल्टच्या लाइन आहेत. त्या दाबावर हेच काम सुमारे २६ अँपिअरमध्ये होतं. प्रवाह ५५ पट कमी. आणि तार तापण्यात जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून तीच तार वापरली तर नुकसान ५५ गुणिले ५५, म्हणजे तीन हजारांहून जास्त पटींनी कमी. दाब वाढवायचा, लांब न्यायचं, घराशी आल्यावर उतरवायचा. हे चढवणं-उतरवणं एकही भाग न हलता, निव्वळ चुंबकत्वानं होतं. आणि ते बदलत्या प्रवाहावरच, म्हणजे एसीवरच होतं, स्थिर डीसीवर होत नाही. एसी जगभर पसरली ती याच कारणानं.

अप्पांची जळालेली मोटर

मी या शाखेत आले ते विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीमुळे. शेतीला थ्री फेज रात्रीची यायची. अप्पा बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे. एका रात्री डीपीवरचा एक फेज गेलेला होता. स्टार्टर दाबला, मोटर फिरली नाही, नुसती घुंघुं करत राहिली. पाणी का येत नाही म्हणून अप्पा पाइप बघायला गेले, परत येईपर्यंत वाइंडिंगचा वास सुटला होता. रिवाइंडिंगला मोटर गेली आणि टोमॅटोचं पाणी आठ दिवस चुकलं. मी नववीत होते. दोन फेज असताना मोटर अर्ध्या जोरानं तरी का फिरली नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळायचा. उत्तर सहा वर्षांनी मशीन्सच्या तासाला मिळालं.

थ्री फेज म्हणजे तीन वेगळ्या लहरी, एकमेकींपासून एक तृतीयांश आवर्तन मागंपुढं. मोटरीच्या कवचात तीन वेटोळी एक तृतीयांश वर्तुळाच्या अंतरानं बसवलेली असतात. आधी एक जोरात, ते ओसरताना दुसरं, मग तिसरं. भजनात टाळ गोल उभ्या माणसांत एकामागोमाग वाजत गेला, तर आवाज वर्तुळात फिरतोय असं वाटेल, तसं हे चुंबकत्व कवचात गरगर फिरतं. कवच जागचं हलत नाही. आतल्या फिरत्या भागात ॲल्युमिनियमच्या नुसत्या दांड्या असतात, त्यांना बाहेरून एकही तार जोडलेली नसते. फिरतं चुंबकत्व त्या दांड्यांत प्रवाह उत्पन्न करतं आणि त्यांना आपल्यामागं ओढत नेतं. हीच इंडक्शन मोटर. १८८०च्या दशकाअखेर टेस्ला आणि दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की यांच्यासारख्या मंडळींनी तिला आकार दिला.

आता एक फेज काढून घ्या. उरलेल्या दोन तारांतून एकच प्रवाह जातो-येतो. चुंबकत्व फिरत नाही, जागच्या जागी मागंपुढं धडधडतं. उभ्या मोटरीला कुठल्या बाजूला वळायचं तेच कळत नाही. ती उभी राहते, नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि जळते. अप्पांची चूक नव्हती. सिंगल फेजिंगचं संरक्षण बसवलं असतं तर मोटर वाचली असती. आता कुणाच्याही शेतावर गेले की मी आधी स्टार्टरची पेटी उघडून ते आहे का बघते.

मोटरीच्या पाटीवरचा एक आकडाही लक्षात घ्या. चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय टोकांच्या मोटरीत चुंबकत्व मिनिटाला १,५०० फेरे फिरतं, पाटीवर मात्र १,४४० असं काहीतरी लिहिलेलं असतं. मोटर मुद्दाम थोडी मागं राहते. ती चुंबकत्वाच्या अगदी बरोबरीनं धावली, तर दांड्यांना ते बदलताना दिसणारच नाही, प्रवाह बंद, जोर बंद. ते मागं राहणं म्हणजे स्लिप, आणि त्या स्लिपमध्येच तिचं बळ आहे.

तीन दिव्यांचा प्रयोग

मला विचाराल तर चार वर्षांतला सगळ्यात सुंदर प्रयोग टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, आसपास येतो : अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं मशीन, ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याला जोडणं. एका बाजूला महावितरणची वीज, दुसऱ्या बाजूला तुमचं मशीन, मध्ये उघडा स्विच आणि स्विचच्या तिन्ही फेजवर एकेक दिवा. दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं करायचं. मग मशीनचा वेग बारीक-बारीक फिरवायचा. दिवे एकत्र उजळतात, एकत्र विझतात. मशीन ५१ला आणि ग्रिड ५०ला असेल तर सेकंदाला एकदा. जसजसं जवळ येईल तसा उजेड-अंधार संथ होत जातो. एकाआड एक दिवे लागू लागले तर फेजचा क्रम उलटा आहे, थांबायचं आणि दोन तारा अदलाबदल करायच्या. सगळं जुळून दिवे हळूहळू मालवत अंधार झाला, की त्या क्षणी स्विच मारायचा. आमच्या सरांनी माझा हात स्विचवर ठेवून सांगितलं होतं, "घाई करू नको, अंधार पूर्ण होऊ दे." खट्ट आवाज झाला आणि मशीन जराही हललं नाही.

त्यानंतर थ्रॉटल कितीही उघडा, मशीन जोरात पळत नाही. ग्रिडचा वेग तोच त्याचा वेग. जास्तीचा जोर वेगात जात नाही, विजेत जातो. भारतातले सारे मोठे अल्टरनेटर असे एका ठेक्यात बांधलेले आहेत. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिडही उरलेल्या देशाच्या ग्रिडशी एका लयीत आलं. देशाचा विजेचा ठेका एक झाला, तो आपल्या सोलापूरच्या दारात.

हा ठेका सेकंदाला ५०चा. नियमानं तो ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच पट्ट्यात ठेवायचा असतो. मागणी वाढली की काय होतं? उसाची गाडी दिवे घाटाला लागली की बैलांनी जोर वाढवेपर्यंत गाडी मंदावते, तसंच. जास्तीची वीज त्या क्षणी फिरत्या यंत्रांच्या गतीतूनच निघते, यंत्रं किंचित मंदावतात, फ्रीक्वेन्सी, म्हणजे हाच ठेका, ४९.९५ होते. यंत्राचा वेग राखणाऱ्या गव्हर्नर या उपकरणाला ते कळतं आणि तो वाफेची किंवा पाण्याची वाट थोडी आणखी उघडतो. म्हणून फ्रीक्वेन्सी ही ग्रिडची नाडी. मागणी आणि निर्मिती यांत कोण जड झालंय, ते या एका आकड्यावरून देशात कुठूनही कळतं.

५ एप्रिल २०२०ची रात्र आठवा. रविवार, नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. लोकांना ती पणत्यांची रात्र, ग्रिड सांभाळणाऱ्यांना ती परीक्षा. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटनं उतरली आणि लगेच पुन्हा चढायला लागली. कोळशाचं केंद्र इतक्या लवकर हलत नाही. भार मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी उतरवला आणि पुन्हा चढवला, कारण पाण्याची झडप मिनिटांत उघडते-मिटते. १,९६० मेगावॅटच्या कोयनेचं मोल युनिटांच्या हिशेबापेक्षा या चपळाईत जास्त आहे, असं माझं मत आहे. बीईला, म्हणजे चौथ्या वर्षाला, पॉवर सिस्टिम ऑपरेशन शिकवताना हे एक उदाहरण घेतलं तर अर्धा विषय उलगडतो.

माझा विषय

स्विचगिअर अँड प्रोटेक्शन. झाडाची फांदी तारेवर पडली, की प्रवाह क्षणात दहा-वीस पट उसळतो. सीटी नावाचा छोटा ट्रान्सफॉर्मर त्याची लहान प्रत रिलेला देतो, रिले ठरवतो, ब्रेकर उघडतो. सगळं मिळून साधारण दहावा हिस्सा सेकंद. सीटीचं सेकंडरी, म्हणजे रिलेकडचं वेटोळं, उघडं सोडू नये, तिथं जीवघेणं व्होल्टेज चढतं. हे वाक्य कॉलेजात पाठ केलं आणि कामावर पहिल्या महिन्यात त्याची किंमत कळली. रिलेनं चटकन ठरवणं पुरेसं नाही, नेमकं ठरवायला हवं. तुमच्या मिक्सरमध्ये शॉर्ट झाला तर घरातली एमसीबी पडावी, सोसायटी अंधारात जाऊ नये.

आणि बिघाड नसताना तर अजिबात पडू नये. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारत अंधारात गेला. ३१ तारखेला पूर्व आणि ईशान्य भागही गेला, साठ कोटींहून जास्त लोकांना झळ पोचली. दोन्ही दिवशी सुरुवात मध्य प्रदेशातल्या बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या लाइननं झाली. तारेला काहीच झालेलं नव्हतं. भार इतका जास्त होता की रिलेला तो दूरच्या बिघाडासारखा भासला आणि त्यानं लाइन तोडली. तो भार शेजारच्या तारांवर गेला, त्याही तुटल्या. आपलं पश्चिम ग्रिड टिकलं. मी रिलेचं सेटिंग भरताना आजही आकडा दोनदा वाचते, तो त्या दिवसांमुळे.

डेक्कन क्वीन ते मेट्रो

डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आणि सुरुवातीपासून विजेवर. तेव्हा घाटात १,५०० व्होल्ट डीसी होती, कारण डीसी मोटरीचा वेग आवरणं सोपं होतं. इंडक्शन मोटर स्वस्त, दणकट, पण ग्रिडच्या ठेक्याला बांधलेली. तिला हवा तो वेग देता येत नसे. मग सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करणारे सेमिकंडक्टर स्विच आले. त्यांनी एसीची डीसी करायची आणि डीसीतून पुन्हा हव्या त्या फ्रीक्वेन्सीची एसी घडवायची. ५० हवेत तर ५०, पाच हवेत तर पाच. हा विषय पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. ६ मार्च २०२२ला सुरू झालेली आपली मेट्रो वरच्या तारेतून २५ केव्ही एसी घेते आणि डब्याखाली हेच करते. ब्रेक लागताना त्याच मोटरी जनरेटर होतात आणि वीज तारेत परत देतात.

विजेवर चालणाऱ्या दुचाकीत, छतावरच्या सोलरच्या इन्व्हर्टरमध्ये, चंद्रपूरहून पडघ्याला सुमारे ७५० किलोमीटर वीज आणणाऱ्या १९९९च्या एचव्हीडीसी (उच्चदाब डीसी) लाइनमध्ये याच कुळातले स्विच आहेत. साठवण्याची अडचणही इथंच सैल होतेय, कारण बॅटरी आणि ग्रिड यांचं बोलणं हेच स्विच घडवतात. पण एक नवी अडचण आली आहे. सोलरला फिरतं चाक नाही. घाटात गाडी मंदावते तेव्हा जी जड गती क्षणभर सांभाळून घेते, ती त्यात नाही. पुढच्या वीस वर्षांतलं मोठं काम इथं आहे, आणि आज एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला, बसणारी मुलं ते करतील.

कॉलेज, पगार आणि खरं ते

१८५४ साली सुरू झालेलं सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं, त्याचा अभ्यासक्रम वेगळा. शहरातली बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न, तिथं अभ्यासक्रम विद्यापीठाचा. काही स्वायत्त. नावापेक्षा मी एक गोष्ट बघायला सांगते : मशीन्सच्या लॅबमध्ये जा. मोटरींवर धूळ आहे की हात लागल्याची चकाकी? मुलं जोडण्या स्वतः करतात की लॅब असिस्टंट जोडून देतो? डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं इथं पुढं असतात, त्यांच्या शेजारी बसा. तुम्ही त्यांना एम-थ्री शिकवा, ते तुम्हाला स्टार्टर शिकवतील. तपकीर गल्लीतून एक बरा मल्टीमीटर घ्या.

कॅम्पसवर सॉफ्टवेअर कंपन्या सगळ्याच शाखांची मुलं घेतात, आणि कोअरचा, म्हणजे इलेक्ट्रिकलच्याच कामाचा पहिला पगार बहुधा त्यांच्याहून कमी असतो. घरावर कर्ज असेल तर सॉफ्टवेअरला गेलेल्या मुलाला कुणी नावं ठेवू नयेत. कोअरमध्ये किंमत अनुभवानं वाढते, पाच-सात वर्षांनी फरक दिसतो. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन झालेल्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, गेट परीक्षेतून सरकारी कंपन्या, विद्युत निरीक्षकांकडचा परवाना काढून स्वतःचं कंत्राट, एनर्जी ऑडिट. वाटा आहेत.

"मुलींनी कशाला हे?" असं बहिणीच्या सासरी कुणीतरी म्हणालं. चेन्नईतल्या गिंडीच्या कॉलेजातून ए. ललिता १९४३ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, लहान मुलीला वाढवत, वैधव्यात. मी भाचीला एवढंच सांगितलं.

रात्री जेवण झाल्यावर तिला सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी नेलं, जाळीच्या बाहेर. गुणगुण ऐकू येत होती. तिनं फोनमध्ये आवाजाची फ्रीक्वेन्सी मोजणारं ॲप उघडलं. "मावशी, हे १०० दाखवतंय. तू तर ५० म्हणालीस."

१०० बरोबर आहे. चुंबकत्वानं आतल्या लोखंडी पत्र्यांची लांबी अगदी सूक्ष्म बदलते, आणि ते उत्तर-दक्षिण कुठल्याही दिशेनं असलं तरी बदल तसाच होतो. एका आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिखर गाठतं, म्हणून पत्रे दोनदा थरथरतात. पन्नासाचे शंभर.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मेट्रो सुटताना तो आवाज चढत जातो ना, तिथं किती दाखवेल?"

ते आम्ही अजून मोजलेलं नाही. रविवारी वनाजच्या मेट्रो स्टेशनला जाणार आहोत.